'पेप्टिक अल्सर'ला 'आम्लव्रण' म्हणावे का?

नाशिकरोडच्या एका वाचकाचा प्रश्न आहे: एंडोस्कोपीच्या रिपोर्टवर 'पेप्टिक अल्सर' लिहिले आहे. हे ॲसिडमुळेच होत असेल, तर मराठीत सरळ 'आम्लव्रण' म्हणायला काय हरकत आहे?

हरकत अशी की त्या शब्दात जठररसातला दुसरा घटक, पेप्सीन, येतच नाही. 'पेप्टिक' या शब्दात आम्ल कुठेच नाही. ग्रीक 'पेप्सिस' म्हणजे पचन. त्यावरूनच थिओडोर श्वान यांनी १८३६ मध्ये जठररसातल्या विकराला 'पेप्सीन' हे नाव दिले. ('विकर' म्हणजे एन्झाइम, छापताना त्याचा सर्रास 'विकार' होतो, तेवढे सांभाळावे.)

पेप्सीन प्रथिने तोडते आणि जठराच्या भिंतीतही प्रथिने आहेतच. म्हणून ग्रंथींतून ते पेप्सिनोजेन या निष्क्रिय रूपात स्रवते. हायड्रोक्लोरिक आम्लाच्या संपर्कात आले की त्याचे पेप्सीन होते. सामू (पीएच; जितका कमी, तितके आम्ल तीव्र) २ च्या आसपास असताना ते जोरात चालते, ४ च्या वर बरेच मंदावते. भिंतीवरच्या श्लेष्मथरात (बुळबुळीत आवरणात) आम्लाला उतारा असलेले बायकार्बोनेट असल्यामुळे पेशींलगतचा सामू ७ च्या जवळ राहतो, तिथे पेप्सीनचे काही चालत नाही. वरचा श्लेष्मा ते झिजवत असतेच, पण खालून नवा येत राहतो.

ही भरपाई दोन कारणांनी प्रामुख्याने बिघडते: हेलिकोबॅक्टर पायलोरी या जिवाणूमुळे, नाहीतर ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या वेदनाशामकांमुळे. या गोळ्या अस्तराचे रक्षण करणारी प्रोस्टाग्लँडिन ही द्रव्ये कमी करतात. मग श्लेष्मा, बायकार्बोनेट आणि अस्तराचा रक्तपुरवठा तिन्ही घटतात. उघड्या पडलेल्या अस्तराला आम्ल इजा करते आणि पेप्सीन ते पचवू लागते. जखम अस्तराखालच्या पातळ स्नायुथरापलीकडे गेली तरच तो व्रण. त्याआधी ती वरवरची झीज, रिपोर्टात 'इरोजन'. मिसळीच्या काळ्या रश्श्याने जळजळ वाढेल, पण व्रणाचे मूळ तिथे शोधू नये.

म्हणून 'पचनज व्रण' हा शब्द मला नेमका वाटतो: पचनक्रियेतून उपजलेला. 'जठरव्रण' फक्त जागा सांगतो, आणि पेप्टिक अल्सर लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातही होतो. 'आम्लपित्त' तर वेगळीच तक्रार. व्रण नसतानाही ती असते.

ओमेप्राझोलसारखी गोळी आम्ल कमी करते, त्यामुळे सामू वाढून पेप्सीनही थंडावते. ती जेवणाआधी अर्धा ते एक तास घ्यायची असते. जिवाणू सापडला तर सोबत प्रतिजैविकांचा कोर्स पूर्ण करावा लागतो. 'पाचक' म्हणून मिळणारी सिरपे मात्र व्रणावरचे औषध नव्हेत. त्यांतल्या काहींच्या लेबलवर डायास्टेजसोबत (पिष्ट पचवणारे विकर) चक्क पेप्सीन लिहिलेले असते. अल्सरचे निदान झाले असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती घेऊ नयेत. डांबरासारखी काळी शौच किंवा रक्ताची उलटी झाली, तर लगेच रुग्णालय गाठावे.