लाँगबोने (चाकं नसलेल्या साध्या, लांब धनुष्याने) एल्कच्या, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या थोराड हरणाच्या, मागावर जायचं तर किती पौंडांचं धनुष्य घ्यावं?

पन्नास पुरे, पण तुमच्या स्वतःच्या ओढीवरचे पन्नास. पौंड म्हणजे दोरी ओढून धरायला लागणारा जोर, ओढ म्हणजे ती किती लांब ओढता ते. धनुष्यावर छापलेला आकडा 28 इंचांच्या ओढीचा असतो. तुमची ओढ 26 भरत असेल तर इंचामागे दोन-तीन पौंड गळतात आणि '50'चं धनुष्य हातात 45चं होतं. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्याच्या नियमात किमान 35 पौंड आहे. ती कायद्याची मर्यादा आहे, सल्ला नव्हे.

पौंडांची यापुढची चर्चा मला ऐकवत नाही. ज्याला त्याला 65 मिरवायचे असतात. सप्टेंबरच्या पहाटे, गारठलेल्या खांद्याने, गुडघ्यावर बसून ते धनुष्य न हलवता सावकाश ओढून दाखवा, मग बोलू. वजन बाणात घाला: पौंडामागे 10 ग्रेन, म्हणजे 500 ग्रेन, साधारण 32 ग्रॅम. जड बाणाने धनुष्य कमी वाजतं आणि बाण खोल जातो. पुढे दोन पात्यांचं स्थिर ब्रॉडहेड (शिकारीच्या बाणाचं रुंद टोक), हातावरचे केस उतरतील इतकं धारदार. उघडणारी पाती नकोत. उघडण्यातच लाँगबोचा निम्मा जीव जातो.

आता अंतर. सरावाच्या मैदानावर एक गृहस्थ नेहमी सांगतात की चाळीस यार्डांवर ते सगळे बाण थाळीएवढ्या जागेत लावतात. लावत असतील. थाळी चालत नाही. तुमचा बाण सेकंदाला 170 फुटांच्या आसपास जातो, म्हणजे वीस यार्डांना सेकंदाचा तिसरा हिस्सा, चाळीसला जवळजवळ पाऊण सेकंद. दोरीचा आवाज त्याच्या कितीतरी आधी पोचतो. तेवढ्यात एल्कने एक पाऊल टाकलं की फुफ्फुसाचा नेम पोटात लागतो. वीसच्या आत जाता येत नसेल तर परत फिरा.

आणि वीसच्या आत नेतो तो वारा. टाल्कम पावडरची छोटी बाटली खिशात ठेवा, दर काही पावलांनी एक फुंकर, म्हणजे हवा कुठे वाहते ते दिसतं; तुमचा वास एल्ककडे जाता कामा नये. पहाटे थंड हवा उतारावरून खाली वाहते, म्हणून खालून वर जायचं. अडचण अशी की कळपही कुरणातून वर, दाट झाडीकडे निघालेला असतो आणि चढावर तो तुम्हाला सहज मागे टाकतो. ऊन उतारावर पडलं की हवा पालटून वर चढू लागते. त्या पालटाच्या वेळेत ती कुठेही भरकटते, तेव्हा गप्प बसून राहायचं. नंतर बसलेल्या जनावराकडे वरून उतरायचं. संध्याकाळी पुन्हा उलट.

शेवटचे चाळीस यार्ड बूट काढून, जाड लोकरी मोज्यांवर. काटकी मोडली तर एल्क फारसं मनावर घेत नाहीत, ते स्वतःच मोडत चालतात. व्हेल्क्रोचा चर्र आवाज किंवा बाणावर बाण वाजणं मात्र खपत नाही. नराकडे बघत राहू नका. घात करते ती कडेची, तुम्हाला न दिसलेली मादी. डोकं खाली असताना सरका, डोळा खोडाआड गेला की ओढा. जनावर आडवं किंवा किंचित पाठमोरं हवं, जवळचा पुढचा पाय पुढे टाकलेला, नेम पायामागे, शरीराच्या खालच्या तिसऱ्या भागात. समोरासमोर असेल किंवा तुमच्याकडे बघत असेल तर सोडून द्या.

बाण लागल्यावर पळत सुटू नका. गुलाबी, फेसाळ रक्त असेल तर अर्धा तास थांबा. काळपट असेल तर यकृत: चार-सहा तास. बाणाला हिरवट घाण आणि पोटाचा वास असेल तर आठ-बारा तास. आधी उठवलंत तर ते मैलभर जाऊन कुठेतरी मरेल आणि तुम्हाला सापडणार नाही. सापडलं की लगेच कातडं काढून मांस सावलीत टांगा. ते वाया घालवणं कोलोरॅडोत गुन्हा आहे.

लायसन्स आणि हंटर एज्युकेशनचं प्रमाणपत्र तुमच्याकडे आहे असं धरून चाललोय. भारतात कोणी हे वाचून उत्साहात आलं असेल तर 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तिथे शिकारीवर बंदी आहे, धनुष्याची सबब चालत नाही. आणि चाळीस यार्डच मारायचे असतील तर सरळ कंपाउंड, म्हणजे चाकांचं धनुष्य, घ्या, त्यात काही कमीपणा नाही. फक्त लाँगबो खांद्याला लावून ती भाषा करू नका.