लेकीला संस्थेत काम करायचंय, करू द्यावं का?

प्रश्न : माझी मुलगी मानसशास्त्र घेऊन बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. सुट्टीत ती मानसिक आजारातून सावरणाऱ्या लोकांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेत जात होती. आता पुढेही अशाच संस्थेत काम करायचं म्हणते. आमचं म्हणणं, सेवा फावल्या वेळात करावी आणि पोटापाण्यासाठी बँकेच्या परीक्षा द्याव्यात. संस्थेत काम करून करिअर होतं का? – एक वडील

उत्तर : नमस्कार. हो, करिअर होतं. मात्र नुसत्या बी.ए.वर होणार नाही, हे तिला आत्ताच स्पष्ट सांगा.

तुमच्या ‘फावल्या वेळात’ या शब्दांपाशी मी थोडी थांबते. बंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. त्यात सुमारे १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक आजार असल्याचं आढळलं, आणि आजारानुसार ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोहोचलेच नव्हते. आपल्याकडे ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी इथे सरकारी मनोरुग्णालयं आहेत. पण तिथून बरा होऊन घरी आलेल्या माणसाचं पुढे काय? तो गोळ्या नियमित घेतो का, कामावर परत जातो का, घरच्यांना त्याच्याशी कसं वागावं ते उमगतं का? हे सगळं बहुतेक ठिकाणी स्वयंसेवी संस्थाच पाहतात.

त्यांनी ते कसं उभं केलं, हे तुम्ही स्वतः जाणून घ्यावं असं मला मनापासून वाटतं. पुण्यात १९८६ मध्ये सुरू झालेल्या मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्राने व्यसनी माणसाबरोबर त्याच्या पत्नीलाही आधार लागतो हे ओळखून ‘सहचरी’ गट चालवले. कर्जतच्या श्रद्धा पुनर्वसन केंद्रात रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांवर उपचार होतात आणि बरे झाल्यावर त्यांना घरी पोहोचवलं जातं. या केंद्राचे संस्थापक डॉ. भरत वाटवानी यांना २०१८ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला तो याच कामासाठी. बऱ्या झालेल्या माणसाबरोबर परराज्यातल्या गावी जायचं, त्याला गेलेलाच समजून बसलेल्या घरच्यांना आजार समजावून सांगायचा, औषधं कुठून मिळतील ते ठरवून परतायचं. हे पूर्ण वेळेचं काम आहे आणि त्याला शिकलेलं माणूस लागतं.

गोव्याच्या ‘संगत’ संस्थेचं उदाहरण तर मुलीने नीट अभ्यासावं. मानसोपचाराचं कुठलंही पूर्वशिक्षण नसलेल्या स्थानिक लोकांना त्यांनी समुपदेशक म्हणून तयार केलं आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांत बसवलं. तीव्र नैराश्याच्या रुग्णांना त्याचा फायदा झाल्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. हे वाचून कुणी म्हणेल, मग पदवी कशाला? पण त्या समुपदेशकांच्या सत्रांचं ध्वनिमुद्रण होत होतं, ते एकत्र बसून ऐकलं जात होतं, कुठे चुकलं यावर चर्चा होत होती आणि वर तज्ज्ञांची देखरेख होती. याला या क्षेत्रात सुपरव्हिजन म्हणतात. संस्था पारखताना मी सगळ्यात आधी तेच विचारते. जिथे पहिल्याच महिन्यात एकट्या मुलीसमोर आत्महत्येचे विचार येणारा माणूस बसवतात आणि संध्याकाळी तिच्याशी बोलायला कुणी नसतं, तिथे मी माझ्या विद्यार्थ्यांना पाठवत नाही, संस्थेचं नाव कितीही मोठं असो.

आता शिक्षण. तिला माणसाच्या घरापर्यंत, नोकरीपर्यंत, कागदपत्रांपर्यंत जाणारं काम आवडत असेल, तर एम.एस.डब्ल्यू. म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी करावी आणि त्यात वैद्यकीय व मनोविकार समाजकार्य हे स्पेशलायझेशन घ्यावं. पुण्यातली कर्वे समाजसेवा संस्था आणि मुंबईतली टाटा समाजविज्ञान संस्था ही ठिकाणं तिने पाहावीत. समोर बसून उपचार करणं, मानसशास्त्रीय चाचण्या घेणं यात रस असेल तर क्लिनिकल सायकॉलॉजी, पण तो रस्ता लांबचा आहे आणि त्यासाठी भारतीय पुनर्वसन परिषदेची म्हणजे आरसीआयची नोंदणी लागते. या विषयातल्या एम.फिल.च्या जागी आता नवे अभ्यासक्रम येत आहेत, त्यामुळे परिषदेच्या यादीत कॉलेज आणि अभ्यासक्रम दोन्ही आहेत का, हे स्वतः पाहिल्याशिवाय फी भरू नका. तीन महिन्यांत ‘सर्टिफाइड थेरपिस्ट’ करणाऱ्या जाहिरातींच्या वाटेला तर जाऊच नका.

पगाराची तुमची काळजी रास्त आहे. सुरुवातीला संस्थेतला पगार खासगी रुग्णालयापेक्षा किंवा बँकेपेक्षा बहुधा कमीच असतो. बरीच पदं देणगीवर किंवा कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या म्हणजे सीएसआर निधीवर चालतात आणि प्रकल्प संपला की पदही संपतं. म्हणून नेमणूक पत्र किती वर्षांचं आहे, भविष्य निर्वाह निधी कापतात का, हे विचारायला लाजू नये. रुग्ण राहतात अशी संस्था असेल, तर मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ नुसार तिची राज्य प्राधिकरणाकडे नोंदणी आहे का, तेही विचारा. चांगल्या संस्थेला असल्या प्रश्नांचा राग येत नाही. उलट, ‘सेवेत पैशाचं काय बोलता’ असं म्हणणाऱ्यांपासून जपून राहावं. पदव्युत्तर शिक्षण आणि चार-पाच वर्षांचा अनुभव गाठीशी असला की रुग्णालयं, शाळा-महाविद्यालयं, सरकारचा जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम, संशोधन प्रकल्प असे पर्याय खुले होतात.

बँकेच्या परीक्षेची सक्ती करू नका, अशी माझी विनंती आहे. त्याआधी एक दिवस ती जात होती त्या संस्थेत तिच्याबरोबर जाऊन या. तिथे काम करणाऱ्या समाजकार्यकर्तीशी बोला, ती काय शिकली, किती वर्षं टिकली, आजारी पडली तेव्हा संस्थेने काय केलं ते विचारा. टाटा संस्थेतला प्रवेश सीयूईटी-पीजी या पदव्युत्तर अभ्यासक्रमांच्या देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षेतून होतो आणि तिचे अर्ज पदवीचं शेवटचं वर्ष चालू असतानाच निघतात, तेव्हा ही भेट वार्षिक परीक्षेनंतर नको, येत्या पंधरवड्यातच होऊ द्या.