नेमप्लेट नसलेल्या जुन्या लेथचं वजन कसं काढावं आणि ते वागळेहून रबाळ्याला कसं न्यावं

तुमची अडचण मला समजली ती अशी. ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका बंद होणाऱ्या गाळ्यातून साडेसहा फुटी ऑल-गिअर लेथ (धातूचा जॉब फिरवून कातणारं मशीन) आणि १८ इंची शेपर (हत्यार पुढे-मागे सरकवून धातू सपाट करणारं मशीन) घेताय, दोन्ही नवी मुंबईतल्या रबाळ्याच्या नव्या गाळ्यात न्यायचीत. नेमप्लेट गेलेली. विकणारा म्हणतो "टनभर असेल", टेम्पोवाला म्हणतो "दोन्ही एकाच ४०७ मध्ये बसवून देतो". दोघांच्याही शब्दावर गाडी ठरवू नका. विकणाऱ्याने ते मशीन बसवल्यापासून कधी उचललेलं नाही आणि टेम्पोवाला हौद्यात जागा किती आहे ते बघतो. मेजर टेप, कॅलिपर आणि वही घेऊन तासभर गाळ्यात बसा. वजन स्वतः काढा, आणि काढताना ते मशीनच्या कोणत्या टोकाला जास्त आहे तेही काढा. पहिल्या आकड्यावरून गाडी आणि उचलायचे बेल्ट ठरतात. मशीन उलटतं की नाही ते मात्र दुसऱ्या गोष्टीवर ठरतं, आणि तीच लोक विचारात घेत नाहीत.

"सहा फुटी लेथ एवढ्या टनाचं" असा ठोकताळा कुणी सांगितला तर सोडून द्या. हलकं, पट्ट्यावर चालणारं लेथ आणि रुंद बेडचं (बेड म्हणजे लेथचा लांब पाया) ऑल-गिअर लेथ, दोन्ही सहा फुटीच म्हणवली जातात आणि वजनात दुपटीचा फरक असतो. बेडची रुंदी, भिंतीची जाडी आणि हेडस्टॉकचा (बेडच्या एका टोकावरची गिअरची पेटी) आकार बघावाच लागतो.

आकडे दोनच लक्षात ठेवा. बीड म्हणजे कास्ट आयर्न, एका घनमीटरला साधारण ७,२०० किलो. स्टील ७,८५०. गोल बारसाठी तर सळईवाल्यांचंच सूत्र चालतं: व्यास मिलिमीटरमध्ये घ्या, त्याचा वर्ग करा, १६२ ने भागा, मीटरला किलो मिळतात.

आता तुमच्यासारख्या लेथचा हिशेब करून दाखवतो, मापं तुम्ही तुमची घाला. बेड २१०० लांब, ३५० रुंद, ३५० उंच धरू, सगळं मिलिमीटरमध्ये. हा ठोकळा भरीव असता तर साडेअठराशे किलो झाला असता. पण बेड पोकळ असतो. चिप पडायच्या खिडकीतून हात घालून भिंतीची जाडी मोजा. समजा १८ आली. एक भिंत २.१ गुणिले ०.३५ गुणिले ०.०१८, गुणिले ७,२०० म्हणजे ९५ किलो, दोन भिंती १९०. वरच्या गाइडवेच्या दोन पट्ट्या १०० बाय ५० च्या धरल्या तर प्रत्येकी ७५, म्हणजे १५०. आतल्या रिब आणि बोल्टच्या जागा यांचे वीस टक्के वर. बेड झाला ४१० किलोच्या आसपास, भरीव ठोकळ्याच्या पाव हिश्श्यालाही थोडा कमी. उघड्या बेडसाठी हा पाव हिस्सा तपासणीला चांगला आहे. तुमचा हिशेब त्याच्या फार लांब गेला तर कुठेतरी शून्य चुकलंय.

हेडस्टॉकला पाव हिस्सा लावू नका. आत स्पिंडल, शाफ्ट, गिअर ठासून भरलेले असतात, तिथे निम्मा भरीव धरा. ५५० बाय ४०० बाय ४०० चा हेडस्टॉक ३१० किलोला जातो. दोन बीडाचे पाय, भिंत १२ मिलिमीटरची असेल तर मिळून २२० च्या घरात. हत्यार धरून बेडवर सरकणारे भाग, म्हणजे सॅडल, एप्रन, क्रॉस-स्लाइड, टूलपोस्ट धरून दीडशे. टेलस्टॉक (दुसऱ्या टोकाचा आधार) ६०, फीड गिअरबॉक्स ७०. पाच एचपीची जुनी मोटर ४५. दहा इंची थ्री-जॉ चक (जॉब पकडणारा पंजा) ३०. लीड स्क्रू (आटे पाडताना सॅडल ओढणारा लांब स्क्रू) ३८ व्यासाचा असेल तर सूत्राने मीटरला ८.९ किलो, फीड रॉडसकट २७. मग लोक विसरतात ते सामान: फोर-जॉ चक, फेसप्लेट, स्टेडी, चेंज गिअर, ट्रे, कूलंट पंप. हे सहज दीडशे किलो असतं आणि विकणारा शेवटच्या क्षणी "हे पण घेऊन जा" म्हणत गाडीत टाकतो.

बेरीज १,४७० किलो. म्हणजे "टनभर" नाही, दीड टन. यावर ३० टक्के चढवा आणि गाडी, बेल्ट, चेन पुली (साखळी ओढून वजन उचलायची कप्पी), हायड्रा (चाकांवर फिरणारी क्रेन) सगळं दोन टनांसाठी ठरवा. ३० टक्के जास्त वाटतील, पण अंदाज कमी निघाला तर धोका आणि जास्त निघाला तर फक्त हजार-दोन हजार रुपये भाडं जास्त. दोन चुकांची किंमत सारखी नाही, म्हणून मी नेहमी वरच्याच बाजूला चुकतो.

शेपरच्या कॉलमलाही हाच भिंत-जाडीचा हिशेब लावा, रॅम (वरचा पुढे-मागे सरकणारा भाग) मात्र जवळजवळ भरीव समजा. जाता जाता, पुढे कधी पॉवर प्रेस घ्याल म्हणून सांगतो: "५० टनी प्रेस" म्हणजे प्रेस ५० टन दाब देतो, त्याचं वजन ५० टन नसतं. हे नीट न सांगितल्यामुळे ट्रेलर मागवलेले मी पाहिलेत.

अंदाजावर पुरेसा भरवसा वाटत नसेल तर मशीन जागेवरच तोलता येतं. मशीन शिफ्टिंगवाल्यांकडे क्रेनचा लटकता काटा भाड्याने मिळतो. चेन पुलीला काटा लावून हेडस्टॉककडचं टोक जेमतेम पाव इंच उचला, आकडा लिहा, खाली ठेवा. मग टेलस्टॉककडचं. उचल-जागा पायांच्या बरोबर वर घेतल्या असतील तर दोन आकड्यांची बेरीज म्हणजे पूर्ण वजन. उचलताना दोन्ही टोकांना पॅकिंग सरकवत राहा आणि बेडखाली हात घालू नका.

याच दोन आकड्यांतून तोलाची जागाही मिळते. समजा हेडस्टॉककडे १,०५० आले आणि टेलस्टॉककडे ४५०, दोन्ही उचल-जागांमध्ये अंतर १८०० मिलिमीटर. टेलस्टॉककडचा आकडा भागिले बेरीज, गुणिले अंतर: ४५० भागिले १,५०० गुणिले १८०० म्हणजे ५४०. हेडस्टॉककडच्या उचल-जागेपासून ५४० मिलिमीटरवर तोल. म्हणजे चकच्या तोंडाच्या जवळपास, बेडच्या मध्यापासून कितीतरी अलीकडे. त्या जागी खडूने उभी रेघ मारा. हायड्राचा हुक त्या रेघेच्या बरोब्बर वर यायला हवा. नवखा ऑपरेटर बेडच्या मध्यावर बेल्ट लावतो, हेडस्टॉक खाली झुकतो आणि मग चार जण धावत जाऊन टेलस्टॉकला लोंबकळतात. तसं करायची वेळ येऊ देऊ नका. सॅडल आणि टेलस्टॉक शेवटच्या टोकाला नेऊन लॉक केलेत की तोलाची रेघ बेडच्या मध्याकडे सरकते आणि उचल सोपी होते. म्हणून सरकवायचं ते आधी सरकवा, तोला नंतर.

लेथ आडवाही डोलतो. वजन वर, पाय अरुंद. मोटर मागे असेल तर मागे झुकतो, एप्रन जड असेल तर पुढे. त्यामुळे बेल्ट बेडच्या खिडकीतून भरीव बार घालून त्याला लावा, दोन्ही बाजूंनी सारखे. लीड स्क्रू, फीड रॉड आणि स्पिंडलला बेल्ट टेकता कामा नये, मध्ये लाकडी ठोकळे ठेवा. लीड स्क्रू एकदा वाकला की तुमचं स्वस्तात मिळालेलं मशीन थ्रेडिंगला कायमचं गेलं.

बेल्टच्या कोनाबद्दल थोडं सविस्तर सांगतो. दोन पायांचा, म्हणजे हुकापासून दोन बाजूंना उतरणारा बेल्ट जमिनीशी ६० अंशात असेल तर प्रत्येक पायावर वजनाच्या ५८ टक्के ताण येतो. ४५ अंशात ७१ टक्के. ३० अंशात पूर्ण १०० टक्के. म्हणजे दोन टनांचं मशीन, बेल्ट आखूड पडला म्हणून पसरट लावला, तर एकेका पायावर दोन-दोन टन. हुकाची उंची कमी पडते म्हणून आखूड बेल्ट लावायचा मोह गाळ्यात फार होतो. तिथे बेल्ट पसरण्यापेक्षा वर आडवा बीम लावून दोन्ही बेल्ट सरळ खाली सोडा. कापडी बेल्टचा रंग क्षमता सांगतो: जांभळा १ टन, हिरवा २, पिवळा ३. हे सरळ उभ्या उचलीचं. फास घालून लावलात तर त्यातले २० टक्के कमी. कडा उसवलेला किंवा लेबल नसलेला बेल्ट रंगावर जाऊन वापरू नका.

हायड्राच्या अंगावर १२ किंवा १४ टन लिहिलेलं असतं, ते बूम पूर्ण आत आणि वजन अगदी जवळ असताना. बूम बाहेर काढली की क्षमता झपाट्याने घसरते. केबिनमध्ये लोड चार्ट असतो, ऑपरेटरला बूमच्या त्या लांबीचा आकडा वाचून दाखवायला सांगा. चांगला ऑपरेटर रागावत नाही. वजन लटकवून चालताना हायड्राने वळण घेतलं की ती मधून मुडपते आणि तोल एकदम बाजूला जातो, म्हणून शक्यतो हायड्रा उभी ठेवा आणि गाडी तिच्याखाली आणा. पावसाळ्यात गाळ्यापुढच्या मातीत हायड्राचं पुढचं चाक रुतणार असेल तर आधी प्लेटा टाकून घ्या.

विकणाऱ्याचा वागळेतला गाळा तळमजल्याचा आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. वरच्या मजल्यावर असेल तर सगळा बेत बदलतो. गुड्स लिफ्टवर लिहिलेली क्षमता बघा. लेथच्या दोन पायांचा भार चार छोट्या टेकूंवर येतो, त्यामुळे लिफ्टच्या फरशीवर खाली जाड प्लेट टाकल्याशिवाय ते चढवू नका. लिफ्ट एक टनाची असेल तर हेडस्टॉक, सॅडल, टेलस्टॉक उतरवून बेड वेगळा न्यावा लागेल. त्यात अलाइनमेंट पुन्हा करावी लागते, तो खर्च मशीनच्या भावातून कापून घ्या.

शटरपर्यंत आणायला पहार, पाइपचे रोलर आणि चेन पुली पुरतात. रॅम्प असेल तर उताराचा हिशेब करा: दहाला एक उतार म्हणजे दोन टनांचं मशीन २०० किलो जोराने खाली ओढतं. मागून चेन पुलीने धरून ठेवा, पुढे कुणी उभं राहू नये. पायांखालचे फाउंडेशन बोल्ट सोडण्याआधीच सगळे भाग आत घेऊन लॉक करा. हे शेपरपेक्षा रेडियल ड्रिलला (खांबाभोवती लांब आर्म फिरणारं ड्रिल) जास्त लागू. नवी मुंबईतल्या पावणे गावातल्या एका गाळ्यात आर्म बाहेर ठेवून बोल्ट सोडले आणि ड्रिल उभंच्या उभं आडवं झालं. माणूस वाचला तो दोन पावलं लांब होता म्हणून. शेपरचा रॅम मागे-पुढे मध्यावर आणून लॉक करा, टेबल खाली घ्या.

गाडी. आरसी बुकात एकूण वजन आणि रिकामं वजन लिहिलेलं असतं, वजाबाकी म्हणजे गाडी कायद्याने किती नेऊ शकते ते. छोटा हत्ती पाऊण टनाचा, विषय संपला. ४०७ दोन टनांच्या थोडी वर जाते, म्हणजे एकट्या लेथला जेमतेम. लेथ आणि शेपर एकत्र म्हणजे मोठा आयशर ट्रक. २०१९ च्या दुरुस्तीनंतर ओव्हरलोडचा दंड २० हजार आणि वरच्या प्रत्येक टनाला दोन हजार, शिवाय जास्तीचा माल तिथेच उतरवून घेतात. भररस्त्यात लेथ उतरवायचं म्हणजे काय हे डोळ्यांपुढे आणा. निघताना वाटेतल्या वजनकाट्यावर आधी रिकामी गाडी आणि मग भरलेली तोला. पावती जपून ठेवा. रबाळ्याला उतरवताना हायड्रावाल्याला तीच दाखवायची.

गाडीत मशीन पुढच्या फाळक्याला लाकडाने टेकवा, खाली रबर शीट टाका. बीडाचा तेलकट पाय पत्र्यावर फार सहज सरकतो. जोरात ब्रेक लागला की वजनाच्या ८० टक्के जोर पुढे येतो असं धरून बांधायचं असतं, म्हणजे दोन टनांना १,६०० किलो. नायलॉनची दोरी तिथे टिकत नाही. रॅचेट बेल्ट लावा, दोन पुढे, दोन मागे, तिरपे. जड टोक पुढे केबिनकडे, पण पुढच्या ॲक्सलवर सगळं जाऊ देऊ नका. तुमची खडूची रेघ हौद्याच्या मध्याच्या थोडी पुढे आली की ठीक.

रस्ता ऐरोली पुलाचा घ्या. मुलुंड चेकनाक्याकडून हायवेला लागा, ऐरोलीला उतरून ठाणे-बेलापूर रोड. कळव्याहून जवळ वाटतं, पण विटाव्याला रेल्वेखालचा रस्ता उंचीला कमी आणि पावसात तुंबणारा. शेपर उंच नसला तरी गाडीत चढवल्यावर रस्त्यापासूनची उंची मोजून ठेवा. ठाण्यात अवजड वाहनांना ठरावीक वेळेतच सोडतात आणि गणपती-नवरात्रात वेळा बदलतात, आदल्या दिवशी वाहतूक शाखेची अधिसूचना बघा. हायड्रालाही तेच लागू.

कागद: बिल, आणि किंमत एक लाखाच्या वर असेल तर राज्यातल्या राज्यातही ई-वे बिल. दोन्ही गाळ्यांच्या आवारात चढाई-उतराई कोण करतं हे आधी विचारा. जिथे माथाडी टोळी आहे तिथे त्यांच्याशी दर आणि वेळ आदल्या दिवशीच बोलून घ्या. ही माणसं पहार आणि रोलरवर मशीन हलवण्यात मुरलेली असतात, त्यांना तुमचा वजनाचा आकडा आणि खडूची रेघ दाखवा.

शेपरच्या कॉलमची बाहेरची मापं, भिंतीची जाडी आणि रॅमची लांबी-रुंदी-उंची इथे टाका. लेथच्या बेडची जाडीही टाका, माझे १८ मिलिमीटर धरून चालू नका. गाळा कितव्या मजल्यावर आहे तेही लिहा, मग गाडीचं पक्कं सांगतो.