रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांचे छायाचित्रण : जागेइतकीच पाण्याची वेळ महत्त्वाची

प्रश्न : माझी आई चाकाच्या खुर्चीशिवाय बाहेर पडू शकत नाही. तिलाही रोहित पक्षी पाहता येतील आणि मला छायाचित्रे घेता येतील, अशी मुंबईजवळ एखादी जागा आहे का? (डोंबिवली)

आपल्यासाठी मी प्रथम नवी मुंबईतील नेरूळच्या डीपीएस (दिल्ली पब्लिक स्कूलजवळच्या) तलावाचे नाव सुचवीन, कारण तेथे रस्ता पाण्याच्या जवळून जातो आणि गाडीतून न उतरताही पक्षी दिसतात. शिवाय बंद उभ्या गाडीला पक्षी माणसाइतके बुजत नाहीत. काच खाली करून खिडकीच्या कडेवर तांदळाची छोटी पिशवी ठेवावी आणि तिच्यावर लेन्स टेकवावी. तिपाईची उणीव भासणार नाही. वेळ मात्र भरतीचीच निवडावी. ठाणे खाडीतील चिखलपट्टे पाण्याखाली गेले की पक्षी विसाव्यासाठी अशा पाणथळ जागांकडे वळतात. ओहोटीला आपण गेलात, तर ते सगळे खाडीत चरत असतील. 2024 मध्ये भरतीचे पाणी आत येण्याचे मार्ग बुजल्यामुळे हा तलाव कोरडा पडू लागला होता, म्हणून निघण्यापूर्वी परिसरातील कोणाकडून तरी तलावात पाणी असल्याची खात्री करून घ्यावी.

ऐरोली येथील वनविभागाच्या जैवविविधता केंद्रातून ठाणे खाडी अभयारण्यात बोटीने नेतात आणि तेथून पक्षी अधिक जवळून दिसतात. मात्र भरती-ओहोटीनुसार धक्का आणि बोट यांच्यातील उंची कमीजास्त होते. खुर्चीसह चढता येईल का, हे नोंदणी करतानाच विचारावे.

प्रश्न : शिवडीला भर दुपारी दोन तास थांबलो, पण दूरवर गुलाबी रेघेपलीकडे काही मिळाले नाही. माझी लेन्स 300 मिलिमीटरची आहे. मोठी घ्यावी का? (परळ)

खर्च करण्याआधी पंचांग पाहावे. ओहोटीला चिखलपट्टा दूरवर उघडा पडतो आणि पक्षी पाण्याच्या कडेने आत सरकतात. तेवढ्या अंतरावर 600 मिलिमीटरची लेन्सही तापलेल्या हवेतील थरथरच टिपते. भरतीचे पाणी चढू लागले की तीच रेघ हळूहळू किनाऱ्याकडे ढकलली जाते, आणि पाणी उतरू लागल्यावर काठाजवळचा चिखल सर्वांत आधी उघडा पडत असल्याने पक्षी पुन्हा जवळ उतरतात.

कोकणात भरतीची वेळ काढण्याचा जुना हिशेब आहे : तिथीच्या आकड्याची पाऊणपट करावी. चतुर्थीला चार गुणिले पाऊण, म्हणजे सुमारे तीन वाजता पूर्ण भरती, षष्ठीला साडेचार. पक्ष शुद्ध असो वा वद्य, हिशेब तोच. शिवडीला आपण पूर्वेकडे तोंड करून उभे असतो, त्यामुळे सकाळी ऊन डोळ्यांवर येते आणि दुपारनंतर पाठीशी जाते. म्हणून चतुर्थी ते षष्ठी हे दिवस मला सर्वांत सोयीचे वाटतात. पौर्णिमा-अमावास्येला उधाण मोठे असले तरी ते ऐन दुपारी येते. हिशेब ढोबळ आहे, तेव्हा नेमकी वेळ भरतीच्या तक्त्यावरून पडताळून घ्यावी. शिवडीचा बराचसा काठ बंदराच्या हद्दीत आहे. सुरक्षारक्षकांनी अडवल्यास हुज्जत घालू नये.

प्रश्न : भिगवणला कधी जावे? गेल्या वर्षी नावाड्याने आमच्यासाठी थवा उडवून दाखवला, ते योग्य आहे का? (पुणे)

भिगवणचे पाणी म्हणजे उजनी धरणाचा फुगवटा. त्याला भरती-ओहोटी नाही, तेथे धरणाची पातळी पाहावी लागते. पावसाळ्यानंतर जलाशय भरलेला असतो आणि उथळ पाणी कमी मिळते. सिंचनासाठी पाणी उतरत गेले की उथळ जागा उघड्या होतात. म्हणून डिसेंबरच्या घाईपेक्षा फेब्रुवारी-मार्च बरा. भिगवणला मुख्यतः मोठा रोहित दिसतो, तर मुंबईच्या खाडीत छोट्या रोहितांची संख्या अधिक असते. मोठ्याची चोच गुलाबी आणि टोकाशी काळी, छोट्याची गडद किरमिजी.

थवा उडवणे योग्य नाही. पंख उघडताच आतला लाल रंग झळकतो, ‘अग्निपंख’ हे नावही त्यावरूनच पडले, आणि छायाचित्रकाराला नेमका तोच क्षण हवा असतो, हे मी जाणतो. पण उठण्यासाठी या पक्ष्याला पाण्यावरून बरीच पावले धावावे लागते, आणि दिवसातून दहा होड्यांनी त्याला तसे उठवले तर त्याचे चरणे मोडते. भिगवणजवळच्या कुंभारगावचे नावाडी मूळचे मासेमार आहेत, त्यांना पाण्याची जाण आपल्याहून जास्त. निघतानाच स्पष्ट सांगावे, की पक्षी उडवायचे नाहीत, आणि अंतर राखून इंजिन बंद करून बांबूने नाव रेटावी. मग पंधरा-वीस मिनिटे गप्प बसावे. पक्षी चरत चरत आपणहून जवळ येतात, मान उलटी घालून चोचीने पाणी गाळताना दिसतात, आणि मधूनच एखादा पंख ताणतो.

प्रश्न : माझ्या छायाचित्रांत पक्षी करडे का येतात? (ठाणे)

फिकट पक्षी आणि चमकते पाणी पाहून कॅमेरा प्रकाश कमी करतो. मंद उन्हात एक्स्पोजर अर्धा ते एक स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश) वाढवावे आणि पिसांतील तपशील जळत नाही ना, हे पडद्यावर मोठे करून पाहावे. पक्षी खरोखरच करडा असेल तर ते पिल्लू असू शकते. गुलाबी रंग अन्नातून पिसांत उतरायला काही वर्षे लागतात.