वाचक विचारतात : मतदान कधी ठेवायचं, आणि कोणासाठी?

प्रश्न : मतदान सोमवारी आलं की आमची अख्खी सोसायटी अलिबाग नाहीतर गावाला. बुधवारी ठेवलं तर टक्का वाढतो का खरंच? की सरळ रविवारीच ठेवावं? (एक वाचक, डोंबिवली)

तुमच्या सोसायटीचं गणित आयोगालाही कळलेलं आहे. 2019ची लोकसभा मुंबईत 29 एप्रिलला, सोमवार. त्याच वर्षीची विधानसभा 21 ऑक्टोबरला, सोमवार. 2024ची लोकसभा 20 मे, परत सोमवार, म्हणजे शनिवार-रविवार धरून तीन दिवस मोकळे, वर उन्हाळ्याची सुट्टी. मग नोव्हेंबर 2024ची विधानसभा मुद्दाम 20 तारखेला, बुधवारी ठेवली आणि शहरी मतदार बाहेर पडावा म्हणून मधला वार धरलाय, असं तेव्हाचे मुख्य निवडणूक आयुक्त राजीव कुमार यांनी तारखा जाहीर करतानाच सांगितलं. राज्याचा टक्का 2019च्या साधारण 61 वरून 66.05 वर गेला.

पण हे सगळं बुधवारचं श्रेय म्हणायला मी तयार नाही. मुंबई महापालिकेची निवडणूक 15 जानेवारी 2026ला गुरुवारी झाली, चांगला मधला वार, तरी मतदान 53 टक्क्यांच्या आसपासच, आणि 2017ला मंगळवार होता तेव्हा 55 च्या वर होतं. वार सगळं करत नाही हो. आणि तासही नाही. गडचिरोली, आरमोरी, अहेरी या भागात सुरक्षेमुळे 2024च्या लोकसभेला दुपारी 3 लाच मतदान बंद झालं, मुंबईत 6 पर्यंत चालू होतं, आणि राज्यात सगळ्यात जास्त टक्का कुठला, तर गडचिरोली-चिमूर, जवळपास 72. लोक जंगलातून चालत आले, आपल्याला लिफ्टने खाली यायचं होतं.

रविवारचं म्हणाल तर ऑस्ट्रेलियात कायम शनिवारीच मतदान असतं आणि टक्का भरपूर, पण तिथे मत न दिल्यास दंड आहे, त्यामुळे ते श्रेय शनिवारला देऊ नका. अमेरिकेत अजून 1845च्या कायद्याचा मंगळवार चालतो, तेव्हा शेतकऱ्याला रविवारची प्रार्थना उरकून घोडागाडीने मतदानाच्या ठिकाणी पोचायला एक दिवस लागायचा. घोडे गेले, मंगळवार राहिला.

प्रश्न : आमच्या दुकानाच्या मालकाने मतदानाला "दोन तास जाऊन ये" म्हणून पाठवलं, आणि रांगेतच तीन तास गेले तर अर्धा दिवस कापला. हे बरोबर आहे का? (एक वाचक, नाशिक)

बरोबर नाही. लोकप्रतिनिधित्व कायद्यातलं 135ब कलम आहे, मतदानाच्या दिवशी पगारी सुट्टी द्यायची, पैसे कापायचे नाहीत, रोजंदारीवाल्यालाही त्या दिवसाची मजुरी द्यायची. अपवाद फक्त जिथे माणूस नसला तर धोका किंवा मोठं नुकसान होईल तिथे. दुकानात कसला धोका. पण कायद्यातला दंड आहे 500 रुपयांपर्यंत, त्यामुळे मालक घाबरत नाहीत हे पण तितकंच खरं. जिल्हा निवडणूक कार्यालयात लेखी तक्रार करा.

प्रश्न : माझे आईवडील दरवर्षी ऊसतोडीला कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात जातात. 20 नोव्हेंबरच्या मतदानाला ते उसाच्या फडात होते. मी एकटाच घरी, मी मत दिलं, त्यांचं राहिलं. सगळीकडे शहरातल्या लोकांच्या सुट्टीची चर्चा, आमची कोणी करत नाही. (एक विद्यार्थी, बीड जिल्हा)

दादा, तुझं पत्र आलं तेव्हा वरचं उत्तर लिहून झालं होतं आणि खरं सांगतो, सोमवार-बुधवारवर एवढं लिहिल्याची थोडी लाजच वाटली.

आता तारखाच बघा. 2004 आणि 2009ची विधानसभा 13 ऑक्टोबर, 2014ची 15 ऑक्टोबर, 2019ची 21 ऑक्टोबर. म्हणजे ऊसतोडीच्या टोळ्या गाव सोडायच्या आधी. बीडची 2024ची लोकसभा 13 मेला होती, तेव्हा पट्टा पडून, म्हणजे हंगाम संपून, माणसं गावी परत आलेली, मतदान 70 च्या वर. आणि 2024ची विधानसभा? 20 नोव्हेंबर, दिवाळीनंतर. गाळप हंगाम सुरू करायचा सरकारी दिवस 15 नोव्हेंबर. मधे पाच दिवस. हंगाम पुढे ढकला अशी मागणी झाली होती, पण कारखान्याला ऊस पहिल्या दिवसापासून लागतो आणि तो तोडायला टोळी त्याच्या आधी फडात पोचावी लागते, राहायला कोपी, म्हणजे झोपडी, उभी करावी लागते. टोळी नेणाऱ्या मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते, त्याने ट्रक लावला की निघायचं, आयोगाचं वेळापत्रक कोण बघतो.

आणि वर जे 135ब सांगितलं ना, ते इथे हवेत जातं. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, म्हणजे एक जोडी, आणि हिशोब तोडलेल्या उसाच्या टनावर. सुट्टीचा पगार कोण देणार, कारखाना म्हणतो मुकादमाला विचारा, मुकादम म्हणतो खाडा धरीन, म्हणजे गैरहजेरी लावून पैसे कापीन.

तारीख हलवता येत नाही असं मात्र कोणी सांगू नये. हरियाणात 2024ला मतदान 1 ऑक्टोबरचं 5 ऑक्टोबर केलं, कारण बिश्नोई समाज अमावस्येच्या जत्रेला राजस्थानात जातो. राजस्थानात 2023ला लग्नाच्या तिथी होत्या म्हणून 23 नोव्हेंबरचं 25 केलं. पंजाबात 2022ला रविदास जयंतीला लोक बनारसला जातात म्हणून 14 फेब्रुवारीचं 20. तिन्ही निर्णय योग्यच होते. पण देवाला गेलेला माणूस आयोगाला दिसतो आणि ऊस तोडायला गेलेला दिसत नाही, हे मला पटत नाही.

आणखी एक गोष्ट, टक्केवारीत न दिसणारी. फडातून गाव दोन-तीनशे किलोमीटर. स्वतःच्या खर्चाने कोण येणार? मग गाडी येते. कोणाची येते ते तुला माहितीये. उमेदवाराने किंवा त्याच्या माणसाने मतदाराला गाडीने फुकट नेणं-आणणं हा त्याच कायद्याच्या 123(5) कलमाखाली भ्रष्ट आचार आहे, पण ज्याच्याकडे ट्रक त्याच्याकडे टोळी. म्हणजे चुकीच्या तारखेने नुसतं मत कमी होत नाही, ते दुसऱ्याच्या हातात जातं. माझ्या मते वेळेचा खरा अन्याय हा आहे.

मार्ग निघतो का? स्थलांतरितांसाठी दूरवरून मत देता येईल असं यंत्र आयोगाने जानेवारी 2023 मध्ये पक्षांना दाखवायला आणलं होतं, एका यंत्रावर 72 मतदारसंघ. विरोधी पक्षांनी शंका घेतल्या, पुढे काही झालं नाही. 85 वर्षांवरच्यांना घरी जाऊन मत घेतात, तशी कारखान्यावर एक पेटी का नको, हा प्रश्न तुझ्या आमदाराला विचार. आता तो निवांत असेल.

प्रश्न : नगरपालिकेचं मत आम्ही 2 डिसेंबर 2025ला दिलं आणि निकाल 21 ला. एवढे दिवस मशीन बंद खोलीत कशाला? (एक वाचक, विदर्भ)

कारण काही ठिकाणी उमेदवारी अर्जाचे वाद कोर्टात गेले आणि तिथलं मतदान 20 डिसेंबरवर गेलं. बाकीच्यांची मोजणी 3 ला व्हायची होती, पण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सगळ्यांची एकदम 21 ला करा म्हणून सांगितलं. शेजारच्या गावात कोण जिंकलं हे कळल्यावर उरलेले लोक तिकडेच झुकतात, साधी गोष्ट. एक्झिट पोलवर शेवटचं मतदान संपेपर्यंत बंदी असते ती ह्याचसाठी. कार्यकर्त्यांनी थंडीत एकोणीस रात्री स्ट्राँगरूमबाहेर काढल्या ते वेगळं.

प्रश्न : विधानसभेला 5 वाजता 58 टक्के आणि शेवटी 66. रात्रीत कोणी मतं टाकली? (एक वाचक, पुणे)

5 वाजताचा 58.22 हा फोनाफोनी करून जमवलेला अंदाज असतो, आणि मतदान 6 पर्यंत चालू होतं, रांगा त्यानंतरही. या वाढीव मतांवरची याचिका मुंबई उच्च न्यायालयाने जून 2025 मध्ये फेटाळली. पण लोकांना संशय येतो यात नवल नाही. प्रत्येक केंद्रावर मतांचा आकडा असलेला 17क फॉर्म बनतो, उमेदवाराच्या एजंटला त्याची प्रत मिळते, मग तोच वेबसाइटवर टाकायला काय हरकत आहे हे मला अजून कोणी नीट समजावलेलं नाही.

आणि 6 ला रांगेत असाल तर घरी जाऊ नका. केंद्राध्यक्ष सहीच्या चिठ्ठ्या वाटतो, त्याही शेपटाकडून, सगळ्यात शेवटच्या माणसाला 1 नंबर, म्हणजे मागून कोणी घुसायला नको. गेल्या वेळी माझ्या हातात 1 नंबर आला होता आणि मला दोन मिनिटं वाटलं आपला पहिला नंबर.