‘एस्पेरांतो’ म्हणजे आशा नव्हे, उमेदवार

प्रश्न असा आहे : मुलाच्या सामान्यज्ञानाच्या पुस्तकात एस्पेरांतो या कृत्रिम भाषेच्या नावाचा अर्थ ‘आशा’ असा दिला आहे. तो बरोबर आहे का, आणि भाषेला हे नाव कसे मिळाले?

पुस्तकातला अर्थ जवळपास पोहोचतो, पण नेमका नाही. त्या भाषेत आशेला ‘एस्पेरो’ म्हणतात. ‘एस्पेरांतो’ या शब्दाचे तीन तुकडे पडतात : ‘एस्पेर’ हा आशा करणे या अर्थाचा धातू, ‘आंत’ हा ती क्रिया करत असलेल्याचा वाचक प्रत्यय आणि शेवटचा ‘ओ’ ही नामाची खूण, जी त्या भाषेतल्या प्रत्येक सामान्यनामाला लागते. तिन्ही मिळून अर्थ होतो ‘आशा बाळगून असलेला माणूस’. धातू लॅटिन घराण्यातला आहे. स्पॅनिशमधले ‘एस्पेरार’ हे त्याचे सख्खे भावंड.

मधला ‘आंत’ मात्र आपल्याला वाटतो तितका परका नाही. संस्कृतातल्या ‘जीवत्’, ‘ज्वलत्’ या वर्तमानकालवाचक धातुसाधितांची ‘जीवन्त’, ‘ज्वलन्त’ अशी रूपे मराठीत ‘जिवंत’ आणि ‘ज्वलंत’ होऊन नांदत आहेत, आणि त्यांतला ‘अंत’ व लॅटिनमधून एस्पेरांतोत गेलेला ‘आंत’ हे एकाच मूळ प्रत्ययाचे वंशज आहेत. (भगवंत, बलवंत यांना या पंगतीत बसवू नये, तिथे ‘वंत’ हा ‘असलेला’ या अर्थाचा वेगळा प्रत्यय आहे.)

आता नावाविषयी. हे नाव भाषेचे नव्हतेच, माणसाचे होते. लुडविक झामेनहोफ यांचा जन्म 15 डिसेंबर 1859 रोजी ब्यावीस्तोक येथे झाला. हे गाव आज पोलंडमध्ये आहे, तेव्हा रशियन साम्राज्यात होते. तिथे रशियन, पोलिश, जर्मन आणि यिद्दिश बोलणारे लोक शेजारी राहत, पण त्यांच्यात सलोखा नव्हता, आणि या दुराव्याचे एक मोठे कारण भाषा आहे असे झामेनहोफ यांच्या मनाने लहानपणीच घेतले. मी देगलूरचा, आमच्या बाजारात मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी या चारही भाषा ऐकू येतात आणि सौदा मोडक्यातोडक्या मिश्रणात सुरळीत पार पडतो, त्यामुळे त्यांचे हे निदान मला थोडे भाबडे वाटते. परंतु त्यांनी त्यावर उपाय म्हणून जे घडवले ते भाबडे नव्हते. व्यवसायाने नेत्रवैद्य झालेल्या या गृहस्थाने 1887 साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, सासऱ्यांच्या पैशाच्या आधाराने वॉर्सा येथे एक छोटी रशियन पुस्तिका छापली. तिच्यात व्याकरणाचे 16 नियम आणि सुमारे 900 मूळ शब्द होते. भाषेला त्यांनी ‘आंतरराष्ट्रीय भाषा’ एवढेच साधे नाव दिले होते आणि लेखक म्हणून ‘डॉक्टर एस्पेरांतो’ हे टोपणनाव घातले होते. वाचक ‘डॉक्टर एस्पेरांतोंची भाषा’ म्हणू लागले, मग डॉक्टर गळाले आणि ‘एस्पेरांतो’ तेवढे उरले. पैठणचे नाव लुगड्याला चिकटून ‘पैठणी’ झाली, तसाच हा प्रकार. गंमत अशी की, आंतरराष्ट्रीय भाषा ही सर्वांच्या मालकीची असली पाहिजे, असे म्हणून झामेनहोफ यांनी तिच्यावरचे स्वतःचे हक्क त्याच पुस्तिकेत सोडून दिले होते. हक्क गेला आणि टोपणनाव राहिले.

मराठीत या नावाला प्रतिशब्द द्यायचा झाला, तर मी ‘आशावादी’ न म्हणता ‘उमेदवार’ म्हणेन. हा फारसी शब्द आज निवडणुकीपुरता उरला असला, तरी त्याचा मूळ अर्थ ‘उमेद बाळगणारा’ असाच आहे. निजामाच्या राजवटीत उर्दूतून शिकलेले आमचे आजोबा, नोकरी लागेल या भरवशावर कचेरीत बिनपगारी काम करणाऱ्या पोराला ‘उमेदवार’ म्हणत, आणि आपल्या ‘उमेदवारी करणे’ या प्रयोगात तो अर्थ अजून शाबूत आहे. झामेनहोफ यांना तर तो दोन्ही अंगांनी शोभतो, कारण त्यांच्या पुस्तिकेत वाचकाने भरून पाठवायच्या चिठ्ठ्या जोडल्या होत्या. एक कोटी लोकांनी असेच जाहीर वचन दिल्याचे दिसले, तर मीही ही भाषा शिकेन, असा त्यांवरचा मजकूर होता. एक कोटी चिठ्ठ्या काही जमल्या नाहीत. तरी भाषा चालू लागली आणि 1905 साली फ्रान्समधील बुलोन्य येथे तिचे पहिले जागतिक संमेलन भरले.

मुलाला सांगताना उच्चारही सांगावा. इंग्रजीच्या वळणाने ‘एस्परॅन्टो’ असे लिहिलेले सर्रास आढळते, पण त्या भाषेतला हा वर्ण आपला दंत्य ‘त’च आहे, ‘ट’ नाही, आणि आघात नेहमी शेवटून दुसऱ्या अक्षरावर, म्हणजे इथे ‘रां’वर येतो. एका अक्षराचा एकच उच्चार हा तिचा नियम असल्यामुळे, देवनागरी वाचणाऱ्या मुलाला तो समजावून सांगण्याची गरज बहुधा पडणार नाही.