पिकअपचं नाक उचलण्याआधी टेप हातात घ्या

‘जुनी पिकअप पुढून कायमची उंच करायची आहे, किती इंच चालेल?’ अशी पत्रं इतकी साठली आहेत की आता एकदाच बसून उत्तरं देतो.

प्रश्न : माझ्या पिकअपचं नाक मागच्या बाजूपेक्षा खाली आहे. स्प्रिंगवर दोन इंचांचे स्पेसर (उंची वाढवणाऱ्या चकत्या) टाकू का?

रिकामी पिकअप मागून थोडी उंच असतेच; माल भरल्यावर ती सपाट व्हावी म्हणून तशी बनवलेली असते. त्यामुळे नाक मुळातच खाली आहे की स्प्रिंग बसल्यात, म्हणजे दबून खचल्यात, हे आधी ठरवा. सपाट जमिनीवर, चारही टायरांत बरोबर हवा भरून, गाडी दोन-चारदा दाबून सोडा. मग चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंत दोन्ही बाजूंना मोजा आणि कंपनीच्या मूळ मापाशी ताडून पाहा. चाळीस-पन्नास वर्षं इंजिनाचं ओझं वाहिलेली स्प्रिंग बसणारच. ती बसली असेल तर मूळ मापाच्या नव्या स्प्रिंग टाकल्या की बहुतेकांचं समाधान होतं. बसलेल्या स्प्रिंगवर स्पेसर म्हणजे मोडक्या खाटेखाली विटा.

प्रश्न : गाडीला पुढे पाटे आहेत. मागे पाटे आणि अॅक्सल यांच्यामध्ये ठोकळे टाकतात तसे पुढे टाकले तर?

नाही. ब्रेक दाबल्यावर सगळ्यात जास्त पीळ पुढच्या अॅक्सलवर येतो आणि ठोकळा तिथून निसटू शकतो. जास्त कमानीचा पाट्यांचा संच घ्या.

प्रश्न : टॉर्शन बारचा बोल्ट आवळला की फुकटात उंची मिळते, असं मित्र म्हणतो.

टॉर्शन बार म्हणजे पिळून स्प्रिंगचं काम करणारी सळई. उंची मिळते, पण चाकाला खड्ड्यात खाली उतरायला जी जागा हवी, तीच तुम्ही खर्चून टाकता. मग प्रत्येक खड्ड्यात वरचा आर्म थांब्यावर आदळतो, आणि पुढची चाकंही ओढणारी गाडी असेल तर अॅक्सलचे सांधे वाकड्या कोनात फिरून लवकर जातात. थोडंसं आवळणं वेगळं, बोल्ट संपेपर्यंत आवळणं वेगळं. किती ते गाडी बघणारा मेकॅनिक सांगेल, मित्र नाही. आणि 1963 पासूनच्या शेव्हरोले सी-10 पिकअपखाली हा बोल्ट शोधत बसू नका. 1960 ते 62 या मॉडेलांत पुढे टॉर्शन बार होते, पुढच्या वर्षापासून तिथे कॉइल स्प्रिंग आली. तरी शोधणारे भेटतात.

प्रश्न : फोर्ड एफ-100 उचलल्यावर पुढची चाकं वरून बाहेर फाकलेली दिसतात. स्प्रिंग चुकीची मिळाली का?

स्प्रिंगचा दोष नाही. 1965 पासून या गाड्यांत, फक्त मागची चाकं ओढणाऱ्या असतील तर, पुढे ट्विन आय-बीम म्हणजे दोन वेगळे बीम आहेत. प्रत्येक चाक आपापल्या बीमच्या टोकाला, आणि त्या बीमचा सांधा गाडीच्या पलीकडच्या बाजूला. गाडी वर गेली की दोन्ही बीम खाली झुकतात आणि चाकांचे माथे बाहेर जातात. असंच चालवलंत तर टायर बाहेरच्या कडेने खाईल. कॅम्बर, म्हणजे चाकाचा हा आत-बाहेर कल, दुरुस्त करून घ्या. कसा, ते अलाइनमेंटवाला गाडी मोजूनच ठरवेल.

प्रश्न : चार इंच उचलल्यापासून खड्ड्यातून जाताना स्टीअरिंग आपोआप वळतं. सवय होईल ना?

सवय करून घेऊ नका! या एका गोष्टीवर मी चिडतो. उंची फोटोत दिसते, स्टीअरिंगचे कोन दिसत नाहीत, म्हणून त्यांच्याकडे कुणी बघत नाही. स्टीअरिंग बॉक्स चासीला बसवलेला असतो. चासी वर गेली की बॉक्सही वर जातो, चाक मात्र जमिनीवरच राहतं. दोघांना जोडणारा जो दांडा जवळजवळ आडवा होता, तो तिरका होतो. आता चाक उसळलं की दांड्याचं टोक आणि चाक वेगवेगळ्या वाटांनी वर जातात, आणि हा फरक दांडा चाक वळवून भरून काढतो. तुम्ही स्टीअरिंग घट्ट धरलंत तरी चाक वळणारच.

उपाय म्हणून खाली झुकलेला पिटमन आर्म, म्हणजे बॉक्सच्या शाफ्टवर बसून दांडा हलवणारा हात, विकतात. दांडा पुन्हा आडवा होतो हे खरं, पण बॉक्सच्या शाफ्टवर आणि चासीवरच्या बोल्टांवर ताण वाढतो. 1973 ते 87 च्या चारचाकी-ओढीच्या शेव्हरोले पिकअपमध्ये स्टीअरिंग बॉक्सजवळ चासीला तडे जाणं हा तर जुना, ओळखीचा रोग. आर्म बदलण्याआधी ती जागा घासून, उजेडात बघा.

दुसरी गोष्ट कॅस्टर. सायकलचा पुढचा फोर्क जसा मागे कललेला असतो, तसा चाक वळतं त्या अक्षाचा कल. रेडियस आर्मच्या गाडीत, म्हणजे जिथे अॅक्सलला मागे चासीशी लांब दांड्यांनी जोडलेलं असतं, पुढचा भाग उचलला की हा कल कमी होतो. मग वळणानंतर स्टीअरिंग स्वतःहून परत येत नाही आणि सरळ रस्त्यावरही गाडी भरकटते. तुमच्या गाडीत यातलं एक आहे की दोन्ही, हे पत्रावरून सांगणं बेजबाबदारपणाचं होईल. टाय रॉड, बॉल जॉइंट आणि सांध्यांतले रबरी बुश तपासून घ्या, मग अलाइनमेंट. तोवर गाडी वेगात नेऊ नका.

प्रश्न : उंची वाढवायच्या किटच्या खोक्यावर ‘अलाइनमेंटची गरज नाही’ असं लिहिलंय.

खोकं विकणाऱ्याला टायर बदलावे लागत नाहीत. त्याच खोक्यात लांब शॉकअब आणि लांब ब्रेक होज आहेत का, तेही बघा. स्टँडवर गाडी ठेवून चाक पूर्ण खाली सोडा आणि स्टीअरिंग दोन्ही टोकांना फिरवा. होज ताणला गेला तर गाडी रस्त्यावर आणायची नाही. आखूड शॉकअबवर चाक लटकत असेल तर तोही बदला. आणि बुशचे बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडीचं वजन चाकांवर आल्यावर. हवेत आवळले तर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि फाटतं.

प्रश्न : आठ महिन्यांपूर्वी पाटे बदलले, ते अॅक्सलला आवळणारे यू-बोल्ट जुनेच वापरले. आता ब्रेक मारताना पुढून ‘टक्’ असा आवाज येतो. पुढच्या सर्व्हिसला दाखवलं तर चालेल?

आजच दाखवा, आणि मेकॅनिकलाच तिथे बोलवा. यू-बोल्ट एकदा आवळले की ताणले जातात. ते नवेच टाकायचे आणि काहीशे किलोमीटरनंतर पुन्हा आवळायचे असतात. सैल यू-बोल्टमुळे पाट्यांच्या मधोमध असलेला, अॅक्सल जागेवर ठेवणारा सेंटर बोल्ट तुटला, तर अॅक्सल पाट्यावरून सरकतो.